आमच्या बगीच्यातलं ऊन

नगरपालिकेच्या दप्तरात त्या जागेची नोंद ‘पडीत’ अशी होती. नोंद माझ्याच अक्षरातली. मी तेव्हा नगरपालिकेत कारकून होतो आणि त्या जागेला लागून असलेल्या गल्लीत राहत होतो. सकाळी कचेरीला निघालो की तिथं वाळत घातलेले पापड, मिरच्या आणि वड्या यांच्यामधून पाय जपून टाकत मी पलीकडच्या रस्त्यावर पोचायचो, आणि दहा वाजता खुर्चीत बसून ती जागा पडीत असल्याचं लिहायचो. यात काही विसंगती आहे असं मला पाच वर्षांत एकदाही वाटलं नाही. नोकरीत कायम व्हायला तेवढा गुण पुरतो.

गाव घाटाखालचं. शेगावला रेल्वेतून उतरायचं आणि पुढं एसटीनं यायचं. वर बुलढाण्याला जिल्ह्याचे साहेबलोक थंड हवेत बसून हुकूम काढायचे. ते घाट उतरून आमच्यापर्यंत येईतो चांगले तापलेले असायचे. महाराष्ट्र राज्य नवं कोरं होतं. आमच्या कचेरीत एका रबरी शिक्क्यावर मध्य प्रदेश होतं, दुसऱ्यावर मुंबई राज्य, आणि तिसरा शिक्का अजून यायचा होता. तो येईपर्यंत ज्या कागदाला फार घाई असेल त्याच्यावर आम्ही दोन्ही मारायचो.

त्या पडीत जागेची खरी मालकीण, एक कागद सोडला तर बाकी सगळ्या अर्थांनी, आमच्या गल्लीतली मावशी होती. साठीच्या घरातली, बुटकी, काटक, आवाज मात्र सहा फुटी. माघात तिचं काम सुरू व्हायचं ते मिरगाच्या तोंडापर्यंत चालायचं. गावातल्या निम्म्या घरांच्या कुरडया, पापड, शेवया, वड्या ती करून द्यायची. लग्नघरी रुखवतात कुरडई लागायचीच, आणि ती मावशीच्याच हातची लागायची. गल्लीतली घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की अंगणात ऊन यायचं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, उंबऱ्यावरूनच परत जायचं. म्हणून ती मोकळी जागा. मावशीला नवरा नव्हता, शेत नव्हतं. होतं ते एवढं ऊन. चार महिन्यांच्या त्या उन्हावर तिची बारा महिन्यांची चूल पेटायची.

आणि नेमका तिथं बगीचा करायचं ठरलं.

मुख्याधिकारी पुण्याकडचे होते. तरुण, उत्साही आणि अंगभर इस्त्री केलेले. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बगीचा साहेबानं आखायचा नसतो, ज्यांना त्यात बसायचंय त्यांनी आखायचा असतो. साहेबानं फक्त ऐकायचं. ही कल्पना मला तेव्हाही चांगली वाटली होती आणि अजूनही वाटते. अडचण एवढीच की साहेबानं ऐकायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि साहेबानं मत विचारलं तर खरं मत सांगायची तर अजिबातच नव्हती.

पहिल्या सभेची दवंडी दिली, ‘बगीच्याबद्दल लोकांनी आपापलं मत सांगायला यावं.’ कुणी आलं नाही. सरकार आपलं मत विचारतंय म्हणजे यामागं काहीतरी नवी करपट्टी असणार, हे गावानं लगेच ताडलं. दुसऱ्या वेळी साहेबांनी दवंडीत चहा घातला. मग मात्र लोकांच्या मनात बगीच्याची ओढ जागी झाली आणि शाळेचं पटांगण भरलं.

साहेब उभे राहिले. “बगीचा तुमचा आहे. तुम्हाला काय हवं ते मोकळेपणानं सांगा. एकही सूचना नाकारली जाणार नाही. मी फक्त लिहून घेणार आहे.”

ते लिहून घेणार म्हणजे मी लिहून घेणार होतो.

पहिले बोलले नगराध्यक्ष. ते कापसाचे अडते होते आणि बसले की खुर्ची दिसायची नाही. “कारंजं पायजे. नागपूरले पाह्यलं मी. पाणी वर जाते आन खाली येते. लय मस्त दिसते.”

“कल्पना छान आहे,” साहेब म्हणाले, “पण नळालाच एक दिवसाआड पाणी येतं आपल्याकडे.”

“मंग कारंजंबी एक दिवसाआड चालवू. मी कुठी रोजचं म्हणून राह्यलो?”

मी लिहिलं. मग आमचे हेडमास्तर उठले. ते शुद्ध बोलायचे, आणि उभं राहिल्याशिवाय बोलायचे नाहीत. “बगीच्याच्या मधोमध आपल्या नव्या राज्याचा नकाशा असावा. फुलांचा. कोकण पांढऱ्या फुलांचं, मराठवाडा पिवळ्या, विदर्भ लाल. विद्यार्थी चालता चालता भूगोल शिकतील.”

“आन मुंबईले कोणतं फूल?” मागून एकानं विचारलं. हे निवृत्त फौजदार. नोकरी सुटली होती, प्रश्न विचारायची सवय सुटली नव्हती.

“मुंबईला गुलाब.”

“मंग मुंबई पयल्याच दिवशी चोरीले जाईन,” फौजदार म्हणाले. “लिहा हो, फाटकाले कुलूप पायजे. आन सगळी बाकडी रस्त्याकडे तोंड करून, एका रांगेत. आत कोण जाते, बाहीर कोण येते, समजलं पायजे.”

“फौजदारसाहेब, बगीचा आहे हा, कोठडी नाही,” हेडमास्तर म्हणाले.

“फरक काय? दोन्हीत मानूस नुसता बसूनच राह्यते.”

बायकांसाठी खुर्च्या मांडल्या नव्हत्या. बायकांना बगीच्याबद्दल मत असू शकतं हे प्रशिक्षणात सांगितलं असेलही, पण आमच्या खुर्च्या मांडणाऱ्या शिपायापर्यंत ते पोचलं नव्हतं. त्या शाळेच्या कंपाउंडाच्या भिंतीपलीकडे उभ्या होत्या. तिकडून आवाज आला.

“ओ साहेब, झाडं कोणीकून लावसान?”

मावशी होती. भिंतीवर फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. साहेबांना भरून आलं. एक स्त्री बोलतेय! “सगळीकडून, मावशी! चारी बाजूंनी. मधेसुद्धा. भर दुपारी आलात तरी अंगाला ऊन लागणार नाही असा बगीचा करू.”

कपाळ क्षणभर भिंतीखाली गेलं. परत वर आलं. “मंग कुरडई कशात वाळू घालू मी? सावलीत?”

सगळे हसले. अध्यक्षांना हसताना त्रास व्हायचा, म्हणून ते बेतानं हसले. “मावशे, बगीच्यात कुरडई नसतेत वाळवत. बगीच्यात हवा खातेत.”

“तुमचं भागत असन हवेवर,” मावशी म्हणाली. “पोट पाहून वाटत नाई.”

आता हसणारे वेगळे होते. मावशीनं हसणं थांबू दिलं. मग म्हणाली, “मायं बी एक मत लिवून घ्या. बगीच्यात झाड नको. एकबी नको.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकही सूचना नाकारली जाणार नाही, हे ते नुकतंच बोलून बसले होते. मी लिहिलं: ‘सूचना क्रमांक चार. बगीच्यात झाडे नसावीत.’ सभा संपल्यावर साहेबांनी वही वाचली.

“हे असंच लिहिलंय?”

“त्यांनी असंच सांगितलं, सर.”

“वरचे लोक काय म्हणतील?”

“वर वाचत नाहीत, सर.”

त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

पुढच्या रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात. “बाबू, तूच लिवतं ना ते? चाल, तुले दाखोतो काय लिवायचं ते.”

‘दाखोतो’ म्हणाली तरी तिनं मला जवळजवळ ओढतच नेलं. जागेवर त्या दिवशी मुगाच्या वड्या होत्या. तिनं मुसळ उभं धरलं आणि त्याची सावली दाखवत सांगायला लागली. माघात ऊन कुठून येतं, चैत्रात कुठून येतं, शेजारच्या पडक्या भिंतीची सावली किती वाजता कुठवर सरकते, ती सरकली की कुठली चादर आधी उचलावी लागते. मी भूगोल या विषयात बरा होतो, पण ही माहिती मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नव्हती.

“म्या झाड नको म्हटलं ते रागानं म्हटलं,” ती म्हणाली. “झाडाशी माया काय दावा आहे? पण तुया साहेबाले सांग, सकायचं ऊन अडलं का कुरडई आंबते. आंबलेली कुरडई कोण घेते? अन उगवतीकून कडुनिंब लावले तं चार वर्सांत मी घरी बसतो.”

“सांगतो, मावशी.”

मी सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, कारण ऐकायचं हे त्यांनी ठरवलेलंच होतं. मग म्हणाले, “ओव्हरसियरनी झाडं पूर्वेला घेतली आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्यांना सावली मिळेल. मावशींचं काही वेगळं म्हणणं असेल तर त्यांनी लेखी द्यावं.”

मावशीला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. मी लिहून दिलं नाही, कारण नगरपालिकेच्या कारकुनानं नगरपालिकेविरुद्ध अर्ज लिहिणं बरं दिसत नाही. हे कारण मी स्वतःला दिवसातून दोनदा सांगायचो, सकाळी वड्या ओलांडताना आणि संध्याकाळी मोकळी जागा ओलांडताना.

सावकाश सगळ्यांच्या सूचना नकाशात उतरल्या. ओव्हरसियर भला माणूस होता, कुणाचं मन मोडायचा नाही. कारंजं, राज्याचा नकाशा, बाकड्यांची सरळ रांग, कुलपाचं फाटक, मारुतीचा पार, कसरतीचा हौद, बँड वाजवायला चबुतरा. आमच्या गावात बँड नव्हता, पण येईल म्हणून. हे सगळं आखून झाल्यावर माणसाला उभं राहायला कुठं जागा राहते ते शोधायला त्याला भिंग घ्यावं लागलं. साहेब मात्र खूष होते. त्यांनी ठरवलं, कागदावरचं लोकांना कळत नाही, म्हणून अख्खा बगीचा खऱ्या मापानं जमिनीवर चुन्यानं आखायचा; लोकांनी त्यातून चालून बघायचं; काही खटकलं तर तिथंच सांगायचं. जिल्ह्याचे मोठे पाहुणे येऊन कोनशिला बसवणार, तेही या चुन्याच्या बगीच्यातून चालणार.

पाहुणे शुक्रवारी येणार होते. सोमवारी निरोप आला की मंगळवारी सकाळीच येतायत.

कचेरीत धावपळ उडाली. जागा झाडली, रोलर फिरवला, पाणी मारलं. चुना आखायला आमच्याकडे एकच माणूस होता, तो दिवस मावळेपर्यंत आखत होता. कोनशिला बैलगाडीतून आणून जागेवर टेकवली. दवंडी द्यायला वेळ राहिला नाही.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्या त्या सोमवारी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आल्या नाहीत.

पहिली, आमच्या आठवडी बाजाराची. बाजाराच्या आदल्या दिवशी नगरपालिकेचा माणूस मैदानावर चुन्यानं चौकोन आखायचा. सकाळी ज्याचं फडकं ज्या चौकोनात आधी पडेल, तो चौकोन त्याचा. त्यावर भांडण नाही, तक्रार नाही. गावात दुसरा कुठलाही कायदा इतका पाळला जात नव्हता. हा चुना आखणारा माणूस आणि बगीचा आखणारा माणूस एकच. चुनाही त्याच पोत्यातला.

दुसरी, कुरडईची. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलून. मग वाटायचे, चीक गाळायचा, आणि पहाटे तो शिजवून लगेच सोऱ्यातून पाडायचा. भिजलेला गहू पाहुण्यांच्या सोयीनं थांबत नाही. गल्लीतल्या बायकांनी शनिवारी गहू भिजत घातले होते.

मंगळवारी साडेनऊला मी, साहेब आणि हेडमास्तर जागेवर पोचलो. साहेब जागच्या जागी थांबले.

बगीचा भरला होता. कारंज्याच्या गोलात ज्वारीचे पापड. बँडच्या चबुतऱ्यावर शेवया. फौजदारांच्या बाकड्यांच्या रांगेत बाजेमागे बाज, प्रत्येकीवर वड्या. मारुतीच्या पारावर बटाट्याचा कीस. प्रत्येक चौकोनात, गोलात, पट्ट्यात धुतलेली धोतरं आणि लुगडी पसरलेली आणि एकही रेघ कुणी ओलांडलेली नाही. नगरपालिकेचा आराखडा इतक्या काटेकोरपणे अमलात आलेला मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका चादरीच्या कोपऱ्यावर वजन ठेवलं होतं. ती आमची कोनशिला होती.

मावशीनं सगळ्यात मोठी जागा धरली होती, म्हणजे महाराष्ट्र.

“मावशी,” साहेब म्हणाले, “मावशी, हे काय?”

“कुरडया,” मावशी म्हणाली.

“पण हा बगीचा आहे!”

“चुना टाकला तुमच्याच मानसानं. आमी सकाळी आलो, फडके टाकले. काही चुकलं काय?”

“हे सगळं आत्ताच्या आत्ता उचला. पाहुणे अकराला येतायत.”

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. ज्यानं आयुष्यात फक्त तळलेली कुरडई पाहिली आहे अशा माणसाकडे बघून हसतात तशा. “ओली कुरडई उचलतेत काय, साहेब?” मावशी म्हणाली. “मोडून जाईन. आता दिवस कलल्याबिगर तिले हात लावता येत नाई.”

साहेबांनी एका फडक्याचं टोक स्वतः धरून बघितलं. दोन कुरडया तुटल्या. साहेबांनी टोक खाली ठेवलं.

हेडमास्तर इतका वेळ नकाशाभोवती फिरत होते. मला वाटलं रडतील. “विदर्भात मिरच्या आहेत,” ते हळूच म्हणाले. “लाल. मी लालच सुचवला होता.” कोकणपट्टीत पांढऱ्या कुरडया होत्या, तेही बसत होतं. “पण मावशी, मराठवाड्यात काहीच नाही?”

“त्याची पाळी उद्या,” मावशी म्हणाली.

हे तिनं मुद्दाम केलं होतं का, असं मी तिला पुढं कितीदा तरी विचारलं. ती दर वेळी कुठल्या तरी चादरीच्या सुरकुत्या काढायला लागायची.

अकराच्या आधीच जीप आली. अध्यक्ष हार घेऊन धावले, म्हणजे त्यांच्या मानानं धावले. पाहुणे उतरले. अंगानं भारदस्त, खादीचे कपडे, मागं एक शिपाई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून. साहेबांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून दहा मिनिटं कसल्या तरी क्षमायाचनेची तयारी केली होती, पण पाहुण्यांनी समोर बघितलं, चपला काढल्या आणि चादरींमधल्या वाटेनं थेट आत शिरले. पाहुण्यानं चपला काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. रस्त्याच्या कडेला चपला-बुटांचा एक ढीग झाला, आणि फौजदार मागं वळून वळून त्याच्याकडे बघायला लागले.

नकाशाच्या पूर्वेच्या कडेला, साधारण भंडाऱ्याच्या बाहेर, पाहुणे उभे राहिले आणि भाषणाला सुरुवात केली. “बंधूंनो आणि भगिनींनो, या ओसाड भूमीचं आज आपण नंदनवन…”

“छत्री बाजूले घ्या,” मावशी म्हणाली.

पाहुणे थांबले.

“ऊन अडवून राह्यले तुमी. पाहा ना, सगळी सावली मिरच्यांवर पाडली.”

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. “मावशी, पाहुणे आहेत!”

“पाहुने हायेत तं मान हायेच. पण उभं राह्याचं तं मावळतीकून राहा. इकून उभे राह्यले का सावली आत पडते. तिकून राह्यले तं रस्त्यावर पडते.”

पाहुण्यांनी खाली बघितलं. त्यांची सावली, छत्रीची सावली आणि अध्यक्षांची सावली मिळून जवळजवळ अख्खा विदर्भ झाकला होता. त्यांनी शिपायाला छत्री मिटायला सांगितलं, आणि चादरींमधून वाट काढत पश्चिमेच्या कडेला जाऊन उभे राहिले. ते गेले म्हणून अध्यक्ष गेले. अध्यक्ष गेले म्हणून साहेब. मग हेडमास्तर, फौजदार, ओव्हरसियर, नगरपालिकेचे सदस्य, आणि शेवटी गटाराजवळ जी जागा उरली तिथं मी. अकरा जण अनवाणी, एका रांगेत, सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभे. भाषण पुन्हा सुरू झालं; पण डोळ्यात ऊन असताना नंदनवनाचं वर्णन फार लांबवता येत नाही. दोन मिनिटांत आटोपलं. आमच्या गावातलं ते सगळ्यात छोटं भाषण असावं.

मावशीनं सगळ्यांना वाटीत गरम चीक दिला, वर साखर. पाहुण्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि लहानपणची काही गोष्ट सांगायला लागले, तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं.

“ओव्हरसियर, नकाशात झाडं कुठं आहेत?”

“पूर्वेला, साहेब. सकाळच्या सावलीसाठी.”

“म्हणजे मी मघाशी उभा होतो तिथं?”

“जी.”

पाहुणे मावशीकडे वळले. “आन तुम्ही काय म्हणता, बाई? झाडं कुठं लावावीत?”

मावशीचा हात मिरच्यांत होता. तो तसाच राहिला. एवढा वेळ ती साहेबांशी, अध्यक्षांशी तोंडाला येईल ते बोलली होती. आता पहिल्यांदा कुणीतरी खरंच विचारत होतं, आणि तिला घाबरायला झालेलं मला दिसलं. तिनं पदराला हात पुसला.

“तुमी उभे हायेत ना,” ती म्हणाली, “तितंच लावा.”

“आमच्या जागी?”

“हाव. आता तुमची सावली पाहा कुठी पडून राह्यली. रस्त्यावर. मायं काही अडवत नाई. चार वाजेलोक मायं काम होते. मंग दिवस तिकडं गेला का झाडाची सावली आत येते. तवा या तुमी लोकं. बसा, हवा खा, काय खाचं ते खा. चारच्या आंधी ऊन मायं, चारच्या मांगं सावली तुमची.”

अध्यक्ष काही बोलायला गेले. पाहुण्यांनी हात वर केला. “कुणी हलू नका,” ते म्हणाले. “चुनेवाल्याला बोलवा.”

चुनेवाला आला आणि आमच्या प्रत्येकाच्या पायांभोवती त्यानं एकेक गोल काढला. अध्यक्षांना गोल काढताना त्याला पोत्याकडे दोनदा जावं लागलं. हेडमास्तर आणि फौजदार मुंबईवरून अजून कुजबुजत भांडत होते, त्यामुळे त्यांचे गोल एकमेकांत गुंतले. मग पाहुण्यांनी चादरीच्या कोपऱ्यावरच्या कोनशिलेवर, ती तिथून न उचलता, नारळ फोडला. पाणी कुरडयांवर उडेल म्हणून मावशीनं मध्ये परात धरली.

आराखडा वर गेला तेव्हा एक अडचण आली. मधली जागा मोकळी ठेवायची, पण कशासाठी म्हणून लिहायचं? ‘वाळवण’ लिहायला साहेबांची लेखणी धजेना. शेवटी ‘उन्हासाठी राखीव’ असं लिहिलं. महिन्याभरानं बुलढाण्याहून विचारणा आली: बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली उन्हासाठी जागा राखून ठेवण्याचे प्रयोजन काय? साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी उत्तर लिहिलं: ‘सदर ऊन वापरात आहे.’ दोन्ही शिक्के मारले. मंजुरी आली.

कारंज्याला पाणी मिळालं नाही, बँडला बँड मिळाला नाही आणि फुलांचा महाराष्ट्र हेडमास्तरांच्या वहीत राहिला. झाडं मात्र लागली, चुन्याच्या गोलात, मोजून अकरा कडुनिंब. त्यांच्यामधलं अंतर बघून पुढं आलेल्या प्रत्येक ओव्हरसियरनं कपाळाला हात लावला. दोन झाडं इतकी जवळ की फांद्यांनी एकमेकांना ढोसतात. एकाच्या भोवती मात्र बैलगाडी वळेल एवढी जागा. माझ्या गोलातलं झाड गटाराजवळ असल्यामुळं सगळ्यात जोमानं वाढलं.

पण हे सगळं फार पुढचं. त्याच्या पुढच्या चैत्रात रोपं गुडघ्याएवढी होती. मावशीच्या कुरडया सकाळपासून पसरलेल्या होत्या, पूर्वेकडून काही अडत नव्हतं, ऊन तिच्या मनासारखं पडलं होतं. दुपारी मी सुट्टी असल्यामुळं तिकडं फिरकलो. चार वाजले तसे लोक यायला लागले. हातात पंखे, काखेत वर्तमानपत्र. ठरल्याप्रमाणं ते एकेका रोपाच्या पूर्वेला जाऊन बसले. एका रोपाची सावली मोजून ताटलीएवढी पडत होती. फौजदारांनी त्या ताटलीत एक पाऊल ठेवलं आणि समाधानानं वर्तमानपत्र उघडलं. बाकी ते सगळेच्या सगळे उन्हात होते.

मावशीनं चादरी गोळा करायला सुरुवात केली होती.

“मावशी,” मी म्हटलं, “अजून तासभर तरी चांगलं कडक ऊन आहे. राहू दे ना. सावली कुठं आलीय अजून?”

“हाव, दिसते मले,” ती म्हणाली. “पण चारच्या मांगं त्यायचं, असं बोललो ना मी. धर ते टोक. हळू धर बे, कोपऱ्यातल्या अजून ओल्या हायेत.”

आम्ही दोघांनी चादर उचलली आणि फौजदारांना जरा सरकायला सांगून तिच्या अंगणाकडे निघालो.